शेळीला लिंबू लागत नाही

२०१८च्या जानेवारीत औरंगाबादेत तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले, की माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलेला नाही, सबब डार्विन चूक. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी पत्रक काढून उत्तर दिलं. मला गंमत वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. हे गृहस्थ एकेकाळी मुंबईचे पोलीस आयुक्त होते. प्रत्यक्षदर्शी मिळत नाही म्हणून खुनाची फाइल बंद करतो, असं एखादा इन्स्पेक्टर म्हणाला असता तर साहेबांनी ऐकून घेतलं असतं?

या केसमध्ये ठसे आहेत, आणि ते तुमच्या-माझ्या जवळजवळ प्रत्येक पेशीत आहेत. त्यातला माझा लाडका ठसा आठव्या गुणसूत्रावर सापडतो. ते आहे एक मोडकं जनुक, म्हणजे पेशीसाठी रासायनिक अक्षरांत लिहिलेली एक सूचना.

शेळी, गाय, कुत्रा, उंदीर यांचं यकृत ग्लुकोजपासून क जीवनसत्त्व घरच्या घरी बनवतं. काम टप्प्याटप्प्यानं चालतं, आणि शेवटचा टप्पा गुलोनोलॅक्टोन ऑक्सिडेज नावाचं विकर (एन्झाइम) उरकतं. आपल्याकडे आधीची यंत्रं शाबूत आहेत, या शेवटच्या विकराचं जनुक तेवढं निकामी. म्हणून ताजी फळं-भाजी महिनोन्‌महिने मिळाली नाही की आपल्याला स्कर्व्ही होतो, हिरड्यांतून रक्त येतं.

जनुक निकामी होतं कसं? पेशी त्यातली अक्षरं तीन-तीनच्या गटानं वाचते. समजा वाक्य आहे ‘मदन कमळ उचल’. यातला ‘द’ गळाला, पण वाचणारा तिनाचा हट्ट सोडत नाही. मग तो वाचतो ‘मनक मळउ चल’. गळालं एकच अक्षर, पण पुढचं सगळं बरळणं. (ही तिनाची वाचनपद्धत जीवाणूंपासून वडापर्यंत जवळपास एकच. म्हणूनच माणसाचं इन्सुलिन जीवाणूंकडून बनवून घेता येतं, आणि १९८२पासून ते बाजारात आहे.)

आपल्या या जनुकातून असं अक्षर गळालेलं आहेच, शिवाय उंदराकडे असलेल्या त्याच्या बारा तुकड्यांपैकी निम्म्याहून जास्त आपल्याकडे गायब आहेत. आता चिंपांझी, ओरांगउटान आणि मकाक माकडाचं तेच जनुक काढून शेजारी ठेवा. अक्षर गळालंय नेमकं त्याच जागी! झेरॉक्सच्या काचेवर ओरखडा असला की प्रत्येक प्रतीवर त्याच ठिकाणी काळी रेघ उमटते. चार जणांच्या कागदांवर एकाच जागी रेघ दिसली, तर ते चौघं एकाच मशीनवर गेले होते हे सांगायला साक्षीदार कशाला? ‘मग माकडं अजून कशी शिल्लक आहेत?’ या नेहमीच्या प्रश्नाचं उत्तरही इथंच आहे. ती आपली पणजोबा नाहीत, चुलत भावंडं आहेत.

लेमूर आणि लोरिस या लांबच्या नातलगांकडे जनुक धड आहे. म्हणजे मोडतोड झाली ती त्यांची फांदी वेगळी झाल्यावर, सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी. आणि गिनीपिग? त्यालाही स्कर्व्ही होतो. १९०७ साली नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिख हे संशोधक गिनीपिगवर बेरीबेरी या आजाराचा शोध घेत होते, हाती लागला हा स्कर्व्ही. पण गिनीपिगचं जनुक वेगळ्या ठिकाणी मोडलंय. त्याच्या घराण्यातला अपघात त्याचा स्वतःचा.

इतकं कामाचं जनुक मोडलं आणि कुणाचं काही बिघडलं नाही? नाही बिघडलं, कारण आपले ते पूर्वज झाडावर फळं-पानं खात होते. ताटात रोज जे आयतं पडतं, ते घरी शिजवता न येणाऱ्याचा वंश खुंटत नाही. नैसर्गिक निवडीला अशी चूक दिसतच नाही. ती पुढच्या पिढीत तशीच उतरते, फांद्या फुटत जातात, आणि प्रत्येक फांदीवर नवे ओरखडे पडत राहतात.

आमच्या कोपऱ्यावरचा दुकानदार दर शनिवारी दाराला लिंबू-मिरची टांगतो. नजर लागू नये म्हणून. सात दिवसांनी वाळलेलं लिंबू रस्त्यावर फेकतो, नवं टांगतो. परवा पायरीशी बसलेल्या एका शेळीनं ते फेकलेलं लिंबू हुंगलं आणि तोंड फिरवलं. तिचं यकृत दिवसाला काही ग्रॅम क जीवनसत्त्व बनवतं. लिंबाची गरज होती ती गल्ल्यावर बसलेल्या माणसाला, तीही पोटात.