दुनळी रायफल आणि तिचे हरवलेले काडतूस

जुन्या इंग्रजी दुनळी रायफलीच्या नळ्या दस्त्यापासून सोडवून उलट्या केल्या, की मागच्या सपाट भागावर बारीक कोरलेली अक्षरे दिसतात. प्रूफ हाउसचे (बंदुकांची नळी बार काढून तपासणाऱ्या संस्थेचे) शिक्के, आणि त्यांच्या शेजारी साधारण अशी नोंद: 'कॉर्डाइट ७५, ५०० मॅक्स'. म्हणजे ७५ ग्रेन कॉर्डाइट (जुनी बिनधुराची दारू) आणि ५०० ग्रेनची गोळी, त्याहून जास्त नको. (ग्रेन हे जुने इंग्रजी वजन, ५०० ग्रेन म्हणजे साधारण साडेबत्तीस ग्रॅम.) अशा रायफलीसाठी आज कोणी हाताने काडतुसे भरायला बसला, तर त्याला इथूनच सुरुवात करावी लागते. मात्र त्या नोंदीतले कॉर्डाइट आता बाजारात नाही.

एकोणिसाव्या शतकात मोठ्या शिकारीची काडतुसे काळ्या दारूची होती. लांबलचक पितळी केस (काडतुसाचे नळकांडे), भरपूर दारू आणि बार उडाल्यावर समोरचे काही दिसू नये इतका धूर. १८८९ मध्ये फ्रेडरिक एबल आणि जेम्स ड्यूअर यांनी कॉर्डाइट बनवले: ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन, ३७ टक्के गनकॉटन आणि ५ टक्के व्हॅसलिन. धूर जवळजवळ नाही आणि जोर कितीतरी जास्त. लंडनच्या जॉन रिग्बी कंपनीने १८९८ मध्ये सव्वातीन इंच केसचे .४५० (नळीचे माप, इंचात) काडतूस कॉर्डाइटवर आणले आणि 'नायट्रो एक्सप्रेस' हे घराणे सुरू झाले. ४८० ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे २,१५० फूट वेगाने जाऊ लागली.

त्या काळचे एखादे काडतूस उघडले, तर आत दाणेदार दारू नसते. शेवयांची जुडी असावी तशा पिवळसर-तपकिरी काड्या केसमध्ये उभ्या असतात. केस काळ्या दारूच्या मापाची असल्यामुळे आत जागा उरते, म्हणून काड्यांवर चकती बसवलेली असते. पुढे हाताने भरणाऱ्यांना याच रिकाम्या जागेने छळले.

पण खरी मेख नळ्यांत आहे. दुनळीच्या नळ्या समांतर नसतात, तोंडाकडे त्या किंचित एकमेकींकडे कललेल्या असतात. उजवी नळी मध्यरेषेच्या उजवीकडे असल्याने तिचा बार उडताच रायफल वर आणि उजवीकडे फिरू लागते, तेही गोळी अजून नळीत असतानाच. डावीचे उलट. हे फिरणे धरून दोन्ही गोळ्या एकाच ठिकाणी पडाव्यात, अशा बेताने कारागीर नळ्या जोडतो. तोंडापाशी दोन नळ्यांमध्ये पाचर, ती डागाने (वितळवलेल्या धातूच्या जोडाने) पक्की केलेली. बार काढायचे, गोळ्या कुठे लागल्या ते पाहायचे, ज्योतीने डाग सैल करायचा, पाचर अगदी किंचित सरकवायची, पुन्हा बार काढायचे. हे सगळे एका ठरावीक काडतुसावर चाले, आणि ते काडतूस त्या पोलादात कायमचे बांधले जाई. मला हे बंदूककामातले सर्वांत अवघड आणि सर्वांत सुंदर काम वाटते.

भारताचा या कथेशी थेट संबंध आहे. कॉर्डाइटला उष्णता सोसत नसे. तापल्यावर दाब वाढे. म्हणून भारत आणि आफ्रिकेसाठी कमी दारूची 'ट्रॉपिकल' काडतुसे वेगळी निघत. दुसरा संबंध राजकीय होता. सरहद्दीवर अजून जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली फिरत होत्या आणि त्यांची गोळीही .४५० मापाची. शिकारी काडतुसांमधल्या गोळ्या बंडखोरांच्या हाती पडतील या भीतीने १९०७ च्या सुमारास ब्रिटिश सरकारने भारतात आणि सुदानमध्ये .४५० बोअरवर बंदी घातली. भारत हे मोठे गिऱ्हाईक असल्याने इंग्रज बंदूककारांनी घाईने नवी मापे काढली. हॉलंडचे .४६५, जेफरीचे .४७५ नंबर २, जोसेफ लँगचे .४७०. शेवटचे सगळ्या कारागिरांना वापरायला खुले असल्यामुळे तेच सर्वांत जास्त पसरले.

ही बहुतेक काडतुसे बर्मिंगहॅमजवळ विटनच्या किनॉक कारखान्यातून येत. पुढे किनॉक आयसीआय या ब्रिटिश रसायन कंपनीत गेली, साम्राज्य आटोपले, मागणी घटली आणि १९६० च्या दशकात एकेक माप बंद होत गेले. हजारो रायफली उपाशी राहिल्या.

जुनी रिकामी केस पुन्हा भरावी, तर त्यात बर्डन पद्धतीचा प्रायमर (दारू पेटवणारी टोपी). टोपी जिच्यावर दबून पेटते ती ऐरण केसच्याच बुडात आणि छिद्रे बाजूला, त्यामुळे सरळ दांडीने तो काढता येत नाही. गंमत म्हणजे बर्डन अमेरिकन आणि बॉक्सर इंग्रज, तरी अमेरिकेने बॉक्सरची सोपी पद्धत उचलली आणि इंग्रजांच्या या काडतुसांत बर्डनची राहिली. जुन्या प्रायमरमधल्या पाऱ्याने पितळही ठिसूळ झालेले असे. अमेरिकेत ब्रास एक्स्ट्रूजन लॅबोरेटरीजने नव्या केस काढल्या, ऑस्ट्रेलियात वुडलेने जुन्या आकाराच्या गोळ्या बनवल्या, तेव्हा कुठे वाट मोकळी झाली. १९८९ च्या सुमारास अमेरिकेच्या फेडरल कंपनीने तयार .४७० काडतूस आणले, नव्वदीच्या दशकात इंग्लंडमध्ये किनॉक हे नावही परतले.

भारतात परवान्याशिवाय काडतुसे भरणे १९५९ च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे, शिकार १९७२ च्या कायद्याने थांबली. त्यामुळे हा छंद फुलला तो ऑस्ट्रेलिया, अमेरिका, दक्षिण आफ्रिकेत.

तिथे भरणारा कॉर्डाइटच्या जागी दाणेदार आधुनिक दारू वापरतो. ती मोठ्या केसमध्ये सैल पडली तर पेट सारखा होत नाही, म्हणून तिच्यावर पूर्वी सावरीचा कापूस आणि आता फोमची गुंडाळी दाबतात. निव्वळ तांब्याची कडक गोळी जुन्या पातळ नळ्यांना झेपत नाही असे अनेक जाणकार मानतात, त्यामुळे मऊ शिशाच्या गाभ्याचीच निवडतात. मग दोन्ही नळ्यांचे बार कागदावर. गोळ्या एकमेकींपासून दूर पडल्या तर वेग कमी. गोळी नळीत जास्त वेळ रेंगाळली आणि रायफल जास्त फिरली. उजवीची डावीकडे आणि डावीची उजवीकडे गेली तर वेग जास्त. जुन्या कॅटलॉगमधले २,१५० फूट २८ इंची चाचणी नळीतले, आणि हातातली रायफल बहुधा त्याहून आखूड. म्हणून अनुभवी माणूस त्या आकड्यामागे धावत नाही. कोरलेली मर्यादा पाळतो आणि डाव्या-उजव्या नळीची छिद्रे कागदावर शेजारी येईपर्यंत दारू थोडी थोडी बदलत राहतो.