सहीआधी मोडलेला गुडघा

२०१२ च्या जानेवारीत अटलांटातल्या एका शाळकरी रनिंग बॅकला, म्हणजे अमेरिकी फुटबॉलमधल्या चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूला, अलाबामा विद्यापीठाकडून कळलं, की यंदा तुझ्यासाठी जागा नाही. जवळजवळ वर्षभरापूर्वी त्याने अलाबामाला होकार दिला होता. मधल्या काळात त्याच्या गुडघ्यातला एसीएल, म्हणजे मांडीचं हाड आणि नडगी आतून बांधून ठेवणारा अस्थिबंध, फाटला होता. विद्यापीठाच्या म्हणण्याप्रमाणे त्याची खेळासाठीची शिष्यवृत्ती रद्द झालेली नव्हती. त्याला ‘ग्रेशर्ट’ देऊ केला होता. म्हणजे ऑगस्टमध्ये बाकीच्यांबरोबर यायचं नाही, पुढच्या जानेवारीत यायचं, आणि तोवर आपलं आपण बघायचं. मुलांनी कॉलेजांशी करार करायचा, सह्यांचा दिवस काही आठवड्यांवर आला होता. मुलाने नकार दिला. केंटकी विद्यापीठाने त्याच दुखऱ्या गुडघ्यासकट त्याला घेतलं.

त्याचं नाव तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांत छापून आलं होतं. इथे ते देत नाही. तो शाळेत होता आणि त्याच्या हातून काही चुकलंही नव्हतं.

जखमी मुलाला दिलेला शब्द कॉलेजांनी पाळावा की नाही, हा वाद या प्रकरणामुळे त्या वर्षी पेटला. त्याची मुळं मात्र पन्नास-साठ वर्षं मागे जातात. ती नीट पाहिली की एक गोष्ट लक्षात येते. जखमी खेळाडूला मिळालेलं प्रत्येक संरक्षण सहीच्या पुढे उभं आहे. सहीच्या अलीकडे काहीच नाही.

आधी हा ‘शब्द’ म्हणजे काय ते सांगतो, कारण अमेरिकेबाहेर तो चटकन कळत नाही. कॉलेजचा प्रशिक्षक शाळेतल्या मुलाला ‘ऑफर’ देतो आणि मुलगा ‘कमिट’ होतो. हे सगळं तोंडी असतं. आपल्याकडे सुपारी फुटावी तसं. गावभर बातमी जाते, दुसरी स्थळं बघणं थांबतं, पण लग्न लागलेलं नसतं. २०१० मध्ये लेन किफिन प्रशिक्षक असलेल्या यूएससीने, म्हणजे सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाने, एका १३ वर्षांच्या क्वार्टरबॅकचा (संघाची चाल चालवणाऱ्या खेळाडूचा) होकार घेतला होता, यावरून ही सुपारी किती आधी फुटू शकते ते दिसतं. लग्न लागायचं ते ‘नॅशनल लेटर ऑफ इंटेंट’वर सही झाल्यावर. ही पद्धत १९६४ मध्ये सुरू झाली. पुढे कित्येक वर्षं फेब्रुवारीतला पहिला बुधवार हा सह्यांचा मोठा दिवस होता, आणि २०१७ पासून डिसेंबरमध्येही सह्या होऊ लागल्या. त्या कागदाने मुलगा एका कॉलेजला बांधला जायचा आणि कॉलेज त्याला निदान एका वर्षाची शिष्यवृत्ती द्यायला बांधलं जायचं. त्या वर्षात तो जखमी झाला म्हणून पैसे काढून घेता येत नसत.

आता मुळाकडे. एनसीएए ही अमेरिकेतल्या कॉलेजांच्या खेळांचे नियम ठरवणारी संस्था जन्मालाच दुखापतींमुळे आली. फुटबॉलच्या मैदानांवर इतकी मुलं दगावत होती, की १९०५ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसवर बोलावून घेतलं. पुढच्याच वर्षी ही संघटना उभी राहिली. पैशाचा प्रश्न मात्र तिने बराच काळ टाळला. आर्थिक गरज न बघता, निव्वळ खेळासाठी पूर्ण शिष्यवृत्ती द्यायला अधिकृत परवानगी मिळाली ती १९५६ मध्ये.

त्याच सुमारास कोलोरॅडोत दोन खटले झाले. या विषयावर लिहिणारे बरेच जण ते ओलांडून पुढे जातात, पण मला ते गाभ्याचे वाटतात. डेन्व्हर विद्यापीठाचा अर्नेस्ट नेमेथ १९५० मध्ये सरावात पाठीला जखमी झाला. टेनिस कोर्टांची देखभाल करण्याचे त्याला महिन्याला ५० डॉलर मिळत, आणि ते काम तो फुटबॉल खेळत होता म्हणूनच त्याच्याकडे होतं. १९५३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला विद्यापीठाचा कामगार मानलं आणि नुकसानभरपाई दिली. मग १९५५ मध्ये फोर्ट लुइस कॉलेजचा रे डेनिसन डोक्याला मार लागून वारला. त्याच्या विधवेने त्याच आधारावर भरपाई मागितली. १९५७ मध्ये त्याच न्यायालयाने उलट निकाल दिला. कॉलेजचा धंदा फुटबॉलचा नाही, सबब मृत तरुण कामगार नव्हता.

एनसीएएचे कार्यकारी संचालक वॉल्टर बायर्स हे सगळं पाहत होते. ‘स्टुडंट-अॅथलीट’ हा शब्द त्यांनी याच काळात रूढ केला. कामगार भरपाईचे दावे अंगावर येऊ नयेत म्हणून तो घडवला होता, हे निवृत्तीनंतर त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं. ‘विद्यार्थी’ म्हटलं की मालकाची जबाबदारी संपते. उरते ती कृपा, आणि कृपा केव्हाही आवरती घेता येते.

ती कशी आवरती घेतली जाते ते केंट वॉल्ड्रेपच्या बाबतीत दिसलं. टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाचा हा रनिंग बॅक १९७४ च्या ऑक्टोबरमध्ये अलाबामाविरुद्ध खेळताना मानेवर आदळला आणि लुळा झाला. विद्यापीठाने काही महिने रुग्णालयाची बिलं भरली आणि मग हात आखडता घेतला. १९९० च्या दशकात व्हीलचेअरवरून तो कामगार म्हणून भरपाई मागायला उभा राहिला. सुरुवातीला निकाल त्याच्या बाजूने लागला. मग ज्युरीने उलट कौल दिला, आणि २००० मध्ये टेक्सासच्या अपील न्यायालयाने तोच कायम ठेवला. दुखापतीला तेव्हा पंचवीस वर्षं उलटली होती.

वॉल्ड्रेप जखमी झाला त्याच्या आदल्या वर्षी, १९७३ मध्ये, एनसीएएने दोन नियम केले. तोवर शिष्यवृत्ती चार वर्षांची देता येत असे. ती एका वर्षाची केली आणि दरवर्षी नव्याने मंजूर करायची असं ठरलं. शिवाय फुटबॉलच्या शिष्यवृत्त्यांना १०५ ची मर्यादा घातली. ती पुढे ९५ वर आली आणि १९९४ पासून ८५ वर स्थिरावली. दोन्ही नियम कागदावर काटकसरीचे होते. एकत्र आल्यावर त्यांचा परिणाम निराळाच झाला. जागा मोजक्या, आणि प्रत्येक जागा दर उन्हाळ्यात मोकळी करता येण्याजोगी. न खेळणारा गुडघा आता नुसता दुःखाचा विषय राहिला नाही, तो हिशेबातला तोटा झाला.

प्रशिक्षकांनी हिशेब केलाही. जागा पंचवीस असतील तर तीस-बत्तीस मुलांच्या सह्या घ्यायच्या आणि ऑगस्टपर्यंत काही ना काही कारणाने आकडा जुळवायचा, याला ‘ओव्हरसायनिंग’ म्हणतात. २००९ मध्ये ह्यूस्टन नट प्रशिक्षक असलेल्या ओल मिसने, म्हणजे मिसिसिपी विद्यापीठाने, ३७ सह्या घेतल्या, तेव्हा एसईसी या परिषदेला, म्हणजे आपसांत स्पर्धा खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटाला, वर्षाला २८ ची मर्यादा घालावी लागली. २०११ मध्ये ती २५ वर आणली. अटलांटाच्या त्या मुलाची हकिकत याच्या लगेच पुढच्या हंगामातली आहे. सह्या आवळल्या गेल्या की सुपारीवर थांबलेली पोरं आधी बाहेर पडतात, आणि त्यातही ज्याच्या पायाला पट्टी आहे तो पहिला.

सहीनंतरची बाजू मात्र हळूहळू सुधारत गेली. राइस विद्यापीठाच्या जोसेफ अॅग्न्यूने दुखापतींनंतर शेवटच्या वर्षाची शिष्यवृत्ती गमावली आणि २०१० मध्ये एनसीएएवर दावा लावला. २०१२ मध्ये तो हरला, पण एका वर्षाच्या शिष्यवृत्तीवर सगळ्यांचं लक्ष गेलं. एनसीएएने कॉलेजांना पुन्हा एकाहून जास्त वर्षांची शिष्यवृत्ती द्यायची मुभा दिली. नाराज कॉलेजांनी २०१२ च्या फेब्रुवारीत हा नियम मतदानाने उलटवायचा प्रयत्न केला. तो फक्त दोन मतांनी फसला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने कायदाच केला: प्रक्षेपण हक्कांतून वर्षाला एक कोटी डॉलरहून अधिक कमावणाऱ्या विद्यापीठांनी, खेळताना जखमी होऊन शिष्यवृत्ती गेलेल्या खेळाडूला तेवढीच मदत द्यायची. २०१५ च्या जानेवारीत पाच मोठ्या परिषदांनी खेळातल्या कामगिरीवरून शिष्यवृत्ती काढून घेणं बंद केलं. ऑगस्ट २०२४ पासून हे संरक्षण एनसीएएच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत वरच्या विभागातल्या सगळ्या कॉलेजांना लागू झालं, आणि खेळणं थांबल्यावरही दोन वर्षं दुखापतीच्या उपचारांचा खर्च विम्यातून मिळू लागला.

ही मोठी कमाई आहे. ती लोकांनी झगडून मिळवली, आणि वॉल्ड्रेपसारख्यांनी तिची किंमत आधीच मोजली. पण यातला एकही नियम सही न झालेल्या मुलापर्यंत पोचत नाही.

शाळेचे सामने शुक्रवारी रात्री असतात. एसीएल बऱ्याचदा कुणी न आदळताच फाटतो: धावता धावता पाय रोवून वळायला जावं आणि गुडघा आत कोसळावा. मैदान शांत होतं, दोन्ही संघांची मुलं एका गुडघ्यावर बसतात. संघाचा ट्रेनर पळत येतो, गुडघा जरासा वाकवतो, एका हाताने मांडी पकडतो आणि दुसऱ्याने नडगी पुढे ओढून बघतो. धड गुडघ्यात नडगी टक्कन अडते. अस्थिबंध फाटला असेल तर ती लोण्यासारखी पुढे येते. एमआरआय नंतर होतो, पण ट्रेनरला तिथेच कळलेलं असतं, आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघणाऱ्या मुलालाही.

शस्त्रक्रियेनंतर पुन्हा खेळायला नऊ महिने ते वर्ष लागतं. आता कॉलेजचा तोटा बघा. पहिल्या वर्षाची मुलं एरवीही पुष्कळदा बाकावर असतात. त्यासाठी ‘रेडशर्ट’ची सोय आहे: पाच वर्षांत चार मोसम खेळायचे. ऑक्टोबरमध्ये गुडघा गेलेला मुलगा पुढच्या ऑगस्टमध्ये कॉलेजात पोचतो तेव्हा बराचसा भरून आलेला असतो. राहिलेलं दुखणं त्या बाकावरच्या वर्षात निघून जातं. म्हणून ‘जागा परवडत नाही’ हे कारण मला पटत नाही. तीच जागा धडधाकट मुलाला द्यायचा मोह झालेला असतो, एवढंच.

दुसऱ्या बाजूचं म्हणणंही ऐकलं पाहिजे. मुलंही शब्द मोडतात, सहीच्या आदल्या रात्री दुसऱ्याच कॉलेजची टोपी घालतात, मग कॉलेजनेच का बांधून घ्यावं? दोन्ही पारडी समान असती तर यात तथ्य होतं. एका बाजूला १७ वर्षांचा मुलगा आहे, ज्याने या शब्दावर विसंबून बाकीच्या कॉलेजांना नाही म्हटलं. दुसरीकडे कोट्यवधींची उलाढाल असलेला कॉलेजचा क्रीडा विभाग आहे, ज्याच्याकडे अजून डझनभर नावं तयार आहेत. प्रशिक्षक तर सहीनंतरही निघून जातात. २०१५ मध्ये रोक्वान स्मिथ या शाळकरी फुटबॉलपटूने हे वेळीच ओळखलं. ज्या प्रशिक्षकाच्या भरवशावर तो यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाला जाणार होता, तेच एनएफएल या व्यावसायिक लीगकडे निघाल्याचं त्याला कळलं. मग त्याने ‘लेटर ऑफ इंटेंट’वर सही करायचंच नाकारलं आणि फक्त शिष्यवृत्तीचा करार करून जॉर्जियाला गेला. अशी अट घालायची ताकद देशातल्या अव्वल मुलांकडे असते. पट्टी बांधलेल्या मुलाकडे ती कुठून येणार?

शब्द पाळला तर काय होतं, हे बास्केटबॉलमधल्या एका उदाहरणाने सगळ्यांत स्वच्छ दाखवलं. ऑस्टिन हॅचने जून २०११ मध्ये मिशिगनला होकार दिला. नऊ दिवसांनी त्याच्या वडिलांचं छोटं विमान कोसळलं. वडील आणि सावत्र आई गेले, तो कोमात गेला. शुद्धीवर आल्यावर त्याला चालण्यापासून शिकावं लागलं. प्रशिक्षक जॉन बीलिन यांनी सांगितलं, की शिष्यवृत्ती तशीच आहे. २०१३ मध्ये हॅचने सही केली. डिसेंबर २०१४ मध्ये कॉपिन स्टेटविरुद्ध शेवटच्या मिनिटांत त्याला मैदानात उतरवलं आणि त्याने एक फ्री थ्रो टाकला. कॉलेजच्या कारकिर्दीतला त्याचा तो एकुलता एक गुण. पुढच्या मोसमापासून त्याची शिष्यवृत्ती वैद्यकीय झाली. अशी शिष्यवृत्ती संघाच्या कोट्यात मोजली जात नाही. तो शिकला, पदवीधर झाला. मिशिगनने एक जागा एका मोसमापुरती अडवली, बस्स.

ही वैद्यकीय सोय फुटबॉललाही आहे, आणि तिचा गैरवापरही झाला आहे. बऱ्या होऊ शकणाऱ्या मुलांना ‘तू आता खेळू शकणार नाहीस’ सांगून कोट्याबाहेर ढकलल्याच्या तक्रारी आहेत. तरीही ती आहे म्हणून, कायमचा जायबंदी झालेल्या मुलाला नाही म्हणायला कॉलेजकडे जागेचं कारण उरत नाही.

२०२४ आणि २०२५ मध्ये सगळी चौकट हलली. ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘लेटर ऑफ इंटेंट’ बंद झालं. आता शिष्यवृत्तीच्या करारावरची सही हीच अंतिम. जून २०२५ मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी, खेळाडूंनी एनसीएएवर लावलेल्या ‘हाउस’ नावाच्या खटल्यातली तडजोड मंजूर केली. पहिल्या वर्षी एका कॉलेजने खेळाडूंना दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत थेट द्यायचे, आणि ८५ शिष्यवृत्त्यांच्या मर्यादेऐवजी फुटबॉलच्या संघातच १०५ जण. हा आकडा मान्य होईल असं धरून कॉलेजांनी आधीच मुलं कमी करायला घेतली होती. त्यांत जागा कबूल झालेली शाळकरी मुलंही होती. या मुद्द्यावर विल्केन यांनी एप्रिलमध्ये तडजोड अडवून धरली. ज्यांची जागा गेली किंवा दिलेली कबुली मोडली, त्यांना मर्यादेबाहेर ठेवायची तरतूद झाल्यावरच त्यांनी मंजुरी दिली. तिथेही परत घ्यायचं की नाही हे कॉलेजच्या मर्जीवर राहिलं. तरी सहीआधीच्या कबुलीला एका न्यायालयाने किंमत दिली, हे माझ्या दृष्टीने त्या निकालातलं फार मोलाचं आहे.

दुरुस्ती अवघडही नाही. नियमाप्रमाणे शिष्यवृत्तीचा लेखी प्रस्ताव शाळेच्या शेवटच्या वर्षातल्या १ ऑगस्टपासून देता येतो. सही मात्र डिसेंबरमध्येच होते. मधले चार महिने म्हणजे शाळेचा अख्खा मोसम: मुलाच्या घरी कॉलेजचं पत्र आलेलं, सही करायची मुभा नाही, आणि दर शुक्रवारी त्याने मैदानात उतरायचं. प्रस्ताव हातात पडला त्याच दिवशी ज्याला हवं त्याला सही करू द्यावी.