उत्तर नायजेरियातील शरिया आणि सरकारी भ्रष्टाचार

झाम्फारा राज्याने जानेवारी २००० मध्ये फौजदारी गुन्ह्यांना शरिया लागू केली. पुढे उत्तरेतील एकूण १२ राज्ये त्या वाटेने गेली. लष्करी राजवटीत तिजोऱ्या धुऊन नेणाऱ्यांना आता जरब बसेल, ही सामान्यांची मोठी आशा होती. लाचेला हौसा भाषेत ‘रशावा’ म्हणतात. आपल्याकडची ‘रुश्वत’ही त्याच अरबी मुळातली.

अडचण फिक्हच्या, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्राच्या, व्याख्येतच आहे. हात तोडण्याची ‘हद’, म्हणजे धर्माने ठरवून दिलेली शिक्षा, ‘सरिका’ म्हणजे चोरीला आहे आणि तिच्या अटी कडक आहेत. माल बंदोबस्ताच्या जागेतून (‘हिर्झ’) गुपचूप उचललेला हवा. त्याची किंमत पाव दिनार, म्हणजे सुमारे एक ग्रॅम सोने, किंवा ३ दिरहम तरी हवी. कबुली किंवा दोन पुरुष साक्षीदार हवेत. जराशी शंका (‘शुब्हा’) आली, की हद टळते. अधिकाऱ्याकडचा सरकारी पैसा मात्र त्याच्याकडे सोपवलेली अमानत असतो. तो खाल्ला तर ती ‘खियानत’ ठरते, चोरी नव्हे. खियानत आणि लाच दोन्ही ‘ताझीर’मध्ये येतात, म्हणजे शिक्षा काझीच्या किंवा कायदा करणाऱ्याच्या मर्जीवर. झाम्फारात मार्च २००० मध्ये पहिला हात तुटला तो गाय चोरणाऱ्याचा.

अपहार करणाऱ्या नोकरदाराला गाठणारे कलम आले भलतीकडून. १८६० च्या भारतीय दंड संहितेतला ‘न्यासभंग’, म्हणजे सोपवलेली मालमत्ता खाण्याचा गुन्हा, १८९९ मध्ये सुदानच्या संहितेत गेला, तिथून १९६० मध्ये उत्तर नायजेरियाच्या दंड संहितेत, आणि नव्या शरिया संहितांनी तो तिथून उचलला. कानो राज्याने तर सरकारी निधी चोरणाऱ्यालाही हात तोडण्याची शिक्षा लिहून ठेवली. उत्तर नायजेरियात चालणाऱ्या मालिकी या कायदेपंथात बैतुलमालमधून, म्हणजे सरकारी खजिन्यातून, चोरी करणाऱ्याला हद लागते हे खरे, पण ती बाहेरून येऊन चोरणाऱ्याला. कोठाराची किल्ली ज्याच्या हाती, त्याचे काय, हा प्रश्न उरतोच.

अंमलबजावणीत संविधान आडवे येते. कलम ३०८ मुळे पदावर असेपर्यंत राज्यपालावर खटला चालत नाही, आणि नायजेरियात राज्यपाल निवडून आलेला, राज्याची तिजोरी हाती असलेला प्रमुख असतो. मुस्लिमेतर आरोपी स्वतः राजी झाल्याशिवाय शरिया न्यायालयापुढे येत नाही. त्यामुळे मोठी प्रकरणे २००० पासून उभ्या राहिलेल्या संघीय तपास यंत्रणांकडे, म्हणजे शरियाबाहेरच्या साध्या न्यायालयांत जातात.

हात तोडण्यापेक्षा जुन्या परंपरेतली दुसरी हत्यारे जास्त कामाची होती. खलिफा उमर नेमणुकीच्या वेळी अधिकाऱ्याची मालमत्ता नोंदवून घेत, आणि पुढे ती बेहिशेबी वाढलेली दिसली तर निम्मी बैतुलमालमध्ये जमा करीत. जकात (मुसलमानांवरचा धार्मिक दानकर) वसूल करणारा ‘हे मला भेट मिळाले’ म्हणाला, तेव्हा पैगंबरांनी विचारले होते: आईबापाच्या घरी बसून राहिला असता, तर भेट आली असती का?