दहावीचा निकाल लागण्याआधी: दाखला, जातीचं प्रमाणपत्र आणि अकरावीचा अर्ज

शाळा सोडल्याचा दाखला निकालानंतर लिहिला जातो, पण त्यात काय लिहिलं जाणार हे मूल शाळेत दाखल झालं त्या दिवशीच ठरून गेलेलं असतं. दाखला म्हणजे जनरल रजिस्टरमधल्या एका ओळीची नक्कल. रजिस्टरमध्ये जे आहे तेच दाखल्यावर उतरतं, आणि पुढे जात प्रमाणपत्रापासून पासपोर्टपर्यंत तेच विचारलं जातं. माध्यमिक शाळेच्या कार्यालयात मी बरीच वर्षं हे रजिस्टर सांभाळलं आहे. मे-जूनमध्ये खिडकीपाशी काळजीने उभे राहणारे जे पालक दिसायचे, त्यांतल्या बऱ्याच जणांचं काम मार्च-एप्रिलमध्ये विनासायास झालं असतं. परीक्षा संपल्यापासून निकालापर्यंतचे दोन महिने हाताशी असतात. ते कशासाठी वापरायचे, ते सांगतो.

रजिस्टरमधली नोंद आधी पाहा

शाळेत जा आणि मुलाच्या जनरल रजिस्टर नोंदीचा उतारा दाखवायला सांगा. पालक म्हणून तुम्ही ते मागू शकता, त्यात संकोच नको. पाहताना घाई करू नका. आडनाव, मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, धर्म, जात आणि पोटजात, मातृभाषा, जन्मस्थळ (गाव, तालुका, जिल्हा), जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीच्या शाळेचं नाव, हे सगळं एकेक करून वाचा. अंकी आणि अक्षरी तारखेत फरक सापडल्याची उदाहरणं मी स्वतः पाहिली आहेत. जन्मस्थळाच्या रकान्यात तालुका एक आणि जिल्हा भलताच, हेही होतं.

सगळ्यांत जास्त अडचण जातीच्या रकान्यात येते. प्रवेशाच्या वेळी वडिलांनी नुसतं ‘हिंदू’ सांगितलेलं असतं आणि लिपिकाने तेवढंच लिहिलेलं असतं. एका मुलीच्या बाबतीत असंच झालं होतं. तिची चौथीपर्यंतची जिल्हा परिषदेची शाळा मात्र चोख होती. तिथल्या प्रवेश निर्गम उताऱ्यात, म्हणजे मूल शाळेत आल्या-गेल्याच्या नोंदीच्या नकलेत, जात स्पष्ट लिहिलेली होती. त्या एका कागदावर पुढचं सारं मार्गी लागलं. म्हणून पहिल्या शाळेचा प्रवेश निर्गम उतारा मिळत असेल तर तो आणूनच ठेवा.

चूक सापडली तर मुलाचं नाव शाळेच्या पटावर असेपर्यंतच अर्ज करा. मुख्याध्यापकांच्या नावे साधा अर्ज, सोबत जन्म प्रमाणपत्र किंवा ज्या पुराव्यावर दुरुस्ती मागता तो पुरावा. मुख्याध्यापक तो प्रस्ताव जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवतात, मुंबईत शिक्षण निरीक्षकांकडे. मंजुरी आली की रजिस्टरमध्ये लाल शाईने दुरुस्ती होते आणि आदेशाचा क्रमांक बाजूला लिहिला जातो. एकदा दाखला निघाला, नाव पटावरून कमी झालं, की माध्यमिक शाळा संहितेनुसार फक्त उघड दिसणाऱ्या लेखनातल्या चुकाच सुधारता येतात, आणि त्यालाही शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी लागते. तेव्हा ‘पुढे बघू’ म्हणण्यात फार मोठं नुकसान आहे. कोणी नाव मुद्दाम बदललं असेल, तर शासनाच्या राजपत्रातल्या प्रसिद्धीची प्रत लागते.

आधारचं काय? बहुतेक पालक आधार कार्ड पुढे करतात आणि ‘यात असं आहे, तसं करा’ म्हणतात. शाळेच्या नोंदीसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणजे जन्म प्रमाणपत्र. आधारवर चूक असेल तर आधार दुरुस्त करून घ्यावं. शाळेची नोंद, दहावीचं प्रमाणपत्र आणि आधार या तिन्हींवर नाव एकाच पद्धतीने लिहिलेलं असलं की पुढची निम्मी डोकेदुखी संपते. इंग्रजी स्पेलिंगही तपासा. देवनागरीत एकच असलेलं आडनाव इंग्रजीत दोन तऱ्हांनी लिहिलं गेलं, तर ऑनलाइन अर्ज तिथेच अडकतो.

जात प्रमाणपत्र: पुरावा वडिलांकडचा

जात प्रमाणपत्र उपविभागीय अधिकारी म्हणजे प्रांत देतात. अर्ज आपले सरकार पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून करायचा. तुमचं कुटुंब त्या जातीचं आहे आणि ठरावीक तारखेला महाराष्ट्रात राहत होतं, असं दाखवणारे कागद लागतात. अनुसूचित जातींसाठी ती तारीख 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961, तर इतर मागासवर्ग आणि विशेष मागास प्रवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967.

म्हणजे मुलाचा आणि वडिलांचा दाखला जोडून भागत नाही. आजोबा, चुलत आजोबा, आत्या, कोणाचाही जुना कागद चालतो, फक्त नातं वडिलांच्या बाजूचं हवं आणि ते वंशावळीत दाखवता यायला हवं. आजोबा शाळेतच गेले नसतील तर गाव नमुना 14, म्हणजे जन्ममृत्यूची जुनी नोंदवही, तहसीलच्या अभिलेख कक्षात शोधावी लागते. तिलाच लोक कोतवाल बुक म्हणतात. त्यातल्या नोंदी बऱ्याचदा मोडीत असतात, तेव्हा मोडी वाचणाऱ्याकडून लिप्यंतर करून घ्यावं लागतं. हा शोध चार दिवसांत होत नाही. गावाला सुट्टीत जाल तेव्हा एक दिवस यासाठी काढा. कुटुंबात वडिलांकडच्या कोणाला आधीच जात वैधता प्रमाणपत्र (पडताळणी समितीने जातीचा दावा तपासून दिलेलं) मिळालेलं असेल, तर त्याची प्रत सोन्यासारखी जपा. ती सोबत असली की काम खूप हलकं होतं.

पूर्वी या अर्जांबरोबरच्या प्रतिज्ञापत्रासाठी मुद्रांक घ्यावा लागत असे, आणि 2024 मध्ये तो 500 रुपयांवर गेला होता. मार्च 2025 मध्ये शासनाने जात, उत्पन्न, रहिवास, नॉन क्रिमीलेअर (मागास प्रवर्गातलं कुटुंब उत्पन्नाच्या मर्यादेत असल्याचं प्रमाणपत्र) अशा दाखल्यांसाठी हे मुद्रांक शुल्क माफ केलं. आता साध्या कागदावर स्वसाक्षांकित घोषणापत्र चालतं. बाहेरच्या टेबलावर कोणी अजूनही पाचशेचा स्टॅम्प आणायला सांगत असेल, तर नम्रपणे हे सांगा आणि अर्ज आत नेऊन द्या.

अकरावीच्या प्रवेशाला जात प्रमाणपत्र पुरतं, जात वैधता लागत नाही. पण मूल विज्ञान शाखेला जाणार असेल आणि पुढे अभियांत्रिकी, वैद्यकीय किंवा औषधनिर्माणशास्त्राचा विचार असेल, तर वैधतेचा अर्ज कॉलेजमार्फत जिल्हा जात पडताळणी समितीकडे वेळेवर जाईल इकडे लक्ष ठेवा. बारावीच्या निकालानंतर धावाधाव करण्यात अर्थ नसतो.

नॉन क्रिमीलेअरचा गैरसमज

अनुसूचित जाती आणि जमातींना नॉन क्रिमीलेअर लागत नाही. विमुक्त जाती-भटक्या जमाती (विजा-भज), विशेष मागास प्रवर्ग (विमाप्र), इतर मागासवर्ग (इमाव) आणि सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग (एसईबीसी) या प्रवर्गांना लागतं. मर्यादा वार्षिक 8 लाख रुपयांची आणि मागच्या तिन्ही वर्षांची. हा आकडा ऐकला की नोकरदार पालक अर्जच करत नाहीत, आणि मुलाची हक्काची जागा जाते. या कसोटीत आईवडिलांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. इतर उत्पन्न पाहतात: भाडं, व्यवसाय, व्याज. आईवडील सरकारी नोकरीत असतील तर त्यांच्या पदाचा वर्ग वेगळा तपासला जातो. शिपाई किंवा लिपिक असलेल्या पालकांनी पगाराचा आकडा पाहून माघार घेण्याचं काहीच कारण नाही. वेतन प्रमाणपत्रावर पदाचा वर्ग लिहून घ्या, म्हणजे टेबलावर वाद होणार नाही.

दुसरी गोष्ट मुदतीची. हे प्रमाणपत्र 31 मार्चला संपतं. शिष्यवृत्तीसाठी नववीत काढलेलं असेल तर ते मे महिन्यात चालू आहे का, हे तारीख वाचूनच ठरवा. ईडब्ल्यूएस म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या प्रमाणपत्राचंही तसंच, ते एका वर्षाचं असतं. तिथे मर्यादा 8 लाखांचीच, पण कसोटी कडक आहे, कारण त्यात पगार आणि शेती दोन्ही मोजतात. ज्यांना दुसरं कोणतंही आरक्षण लागू नाही त्यांनीच ते काढायचं. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला मात्र सगळ्यांनीच काढून ठेवावा, शिष्यवृत्तीला तो लागतो.

डोमिसाईल, म्हणजे रहिवासाचं प्रमाणपत्र, अकरावीला लागत नाही. बारावीनंतर नक्की लागतं. गर्दी नसते तेव्हा काढलेलं बरं.

अकरावीचा अर्ज

2025-26 पासून अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेश प्रक्रिया संपूर्ण राज्यात सुरू झाली. त्याआधी ती मुंबई महानगर प्रदेश, पुणे-पिंपरी चिंचवड, नाशिक, नागपूर आणि अमरावती या शहरी भागांतच होती. तालुक्याच्या गावी, जिथे कॉलेजात जाऊन थेट प्रवेश घेण्याची सवय होती, तिथे पालक गोंधळले ते यामुळेच.

अर्जाचे दोन भाग असतात. भाग एकमध्ये वैयक्तिक माहिती, प्रवर्ग आणि कागदपत्रं. 2025 मध्ये त्याचं नोंदणी शुल्क 100 रुपये होतं. भाग दोनमध्ये कॉलेजांचा पसंतीक्रम, कमीत कमी एक आणि जास्तीत जास्त दहा. इथे एक नियम मनावर कोरून ठेवा: पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. घेतला नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून मूल बाहेर जातं. म्हणून मित्राने भरलं म्हणून पहिल्या क्रमांकावर काहीही टाकू नका. ज्या कॉलेजात मूल रोज जाऊ शकेल, ज्याची फी झेपेल, एसटी किंवा लोकल वेळेवर मिळेल, तेच वर लिहा. आदल्या वर्षीचे कट-ऑफ पाहून यादी करा: दोन-तीन कॉलेजं मुलाच्या गुणांपेक्षा थोडी वरची, मधली चार, आणि शेवटची नक्की मिळतील अशी.

संस्थांतर्गत कोट्याला 10 टक्के, व्यवस्थापन कोट्याला 5 टक्के, अल्पसंख्याक संस्थांत त्या समाजाला 50 टक्के जागा असतात. तुमच्या शाळेच्या संस्थेचंच कनिष्ठ महाविद्यालय असेल, तर कोट्याची चौकशी आधीच करा.

प्रवर्ग भरताना हातात प्रमाणपत्र असेल तरच भरा. आरक्षणातून जागा मिळाली आणि तपासणीत कागद दाखवता आला नाही, तर जागा जाते. त्यापेक्षा एप्रिलमध्ये सेतूत घातलेला अर्ज कधीही स्वस्त पडतो.

गुण कमी पडले, किंवा एखादा विषय राहिला तर

गुण अपेक्षेपेक्षा कमी वाटले तर तीन वेगळ्या गोष्टी करता येतात आणि पालक त्यांची सरमिसळ करतात. गुणपडताळणीत बेरीज आणि एखादं उत्तर तपासायचं राहिलं का, एवढंच पाहतात. छायाप्रत म्हणजे उत्तरपत्रिकेची प्रत. पुनर्मूल्यांकन म्हणजे पुन्हा तपासणी. पुनर्मूल्यांकनासाठी आधी छायाप्रत घ्यावीच लागते आणि ती हाती आल्यावर कामाच्या पाच दिवसांत अर्ज करावा लागतो. 2025 मध्ये प्रत्येक विषयाला शुल्क अनुक्रमे 50, 400 आणि 300 रुपये होतं. त्या वर्षी निकाल 13 मे रोजी लागला आणि अर्जांची खिडकी 28 मेपर्यंतच उघडी होती. छायाप्रत आली की त्या विषयाच्या शिक्षकांना दाखवा, मगच पुढचे पैसे भरा.

एक किंवा दोन विषय राहिले असतील तर एटीकेटीने, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवण्याच्या सवलतीने, अकरावीला प्रवेश मिळतो, आणि पुरवणी परीक्षा त्याच उन्हाळ्या-पावसाळ्यात होते. 2025 मध्ये ती 24 जूनलाच सुरू झाली होती. त्यामुळे निकाल पाहून मूल खचलं असेल तर आठवडाभरात अभ्यासाला बसवा. त्याच्याशी प्रेमाने बोला, दार अजून उघडं आहे हे त्याला तुमच्याकडूनच कळू द्या.

आठवी-नववीच्या घरांसाठी दोन शब्द

आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या राखीव जागांतून, प्रवेश मिळालेल्या मुलांना आठवीपर्यंतच मोफत शिक्षण आहे. नववीची फी किती, हे वर्ष संपण्याआधी शाळेला लेखी विचारा, जमत नसेल तर जवळच्या अनुदानित शाळेत वेळेत प्रवेश घ्या. एनएमएमएस (आठवीत परीक्षा देऊन मिळणारी केंद्राची शिष्यवृत्ती) मिळालेल्या मुलांना वर्षाला 12,000 रुपये बारावीपर्यंत मिळतात, पण ती दरवर्षी नूतनीकरण करावी लागते आणि अकरावीत चालू राहायला दहावीत 60 टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना 5 टक्के सवलत. त्यासाठी मुलाच्या बँक खात्याला आधार जोडलेलं असावं. नववीतून दहावीत जाणाऱ्यांनी शाळा बोर्डाची प्री-लिस्ट, म्हणजे परीक्षेच्या अर्जातल्या माहितीची तपासणी यादी, दाखवेल तेव्हा ती मुलावर न सोपवता स्वतः वाचावी आणि मगच सही करावी. गुणपत्रिकेवरचं नाव तिथूनच जातं.

आणि दाखला हातात आला की त्याच दिवशी त्याचा रंगीत स्कॅन करून ठेवा आणि पाच-सहा झेरॉक्स काढा. अकरावीला प्रवेश घेताना मूळ दाखला कॉलेजात जमा होतो, आणि हरवला तर दुय्यम प्रतीसाठी पुन्हा शाळेत प्रतिज्ञापत्र घेऊन यावं लागतं.