शरणार्थी आणि मोफत वकील : यादीत नसलेल्यांची पार्श्वभूमी

सरकारी खर्चाने वकील कोणाला मिळतो, याची यादी विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 मध्ये आहे. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींतले लोक, अपंग, मानवी तस्करीला किंवा वेठबिगारीला बळी पडलेले, पूर-भूकंपात सापडलेले, औद्योगिक कामगार, कोठडीतले आणि उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या खाली असलेले. शरणार्थी या यादीत नाहीत. शरणार्थी बाई बाई म्हणून आत येते, पोर पोर म्हणून. पुरुषाला मात्र उत्पन्न कमी असल्याचे दाखवावे लागते, नाहीतर आधी कोठडीत जावे लागते.

या व्यवस्थेची मुळे मुंबईत सापडतात. 1924 मध्ये इथे ‘बॉम्बे लीगल एड सोसायटी’ निघाली. 1949 मध्ये मुंबई सरकारने गरिबांना कायद्याची मदत कशी द्यावी हे ठरवायला न्या. एन. एच. भगवती यांची समिती नेमली. त्याच वर्षी कल्याणजवळच्या छावणीतल्या सिंधी निर्वासितांच्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. समितीचा आणि वस्तीचा थेट संबंध नव्हता, पण फाळणीच्या निर्वासितांसाठी कायदा निदान जागा होता. मागे राहिलेल्या मालमत्तेचे ‘क्लेम’ भरायला 1950 चा कायदा आला, भरपाईला 1954 चा. नागरिकत्वाची सोय खुद्द राज्यघटनेत कलम 6 ने केली. पुढे आलेल्या तिबेटींसाठी आणि श्रीलंकेच्या तमिळांसाठी सरकारने वेगवेगळी धोरणे आखली, पण शरणार्थींचा म्हणून कायदा झाला नाही. 1951 च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावरही भारताने सही केलेली नाही.

मुंबईच्या त्या न्यायमूर्तींचे चिरंजीव म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचे न्या. पी. एन. भगवती. जानेवारी 1979 मध्ये के. एफ. रुस्तमजी यांनी ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये बिहारच्या तुरुंगांतल्या कच्च्या कैद्यांवर लेख लिहिले. रुस्तमजी जन्माने आपल्या कामठीचे, आणि सीमा सुरक्षा दलाचे पहिले प्रमुख. शिक्षा झाली असती तर जितके दिवस आत काढावे लागले असते त्याहून अधिक दिवस खटल्याविना काढलेली माणसे त्यांनी दाखवली. ॲड. पुष्पा कपिला हिंगोरानी हे लेख घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि हुसैनारा खातून खटला उभा राहिला. मोफत वकील हा राज्यघटनेच्या कलम 21 मधल्या जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे भगवतींनी त्यात ठरवले. 1986 मध्ये सुक दास खटल्यात ते आणखी पुढे गेले : आरोपीने मागितला नाही म्हणून वकील दिला नाही, ही सबब चालणार नाही.

परक्या माणसाला हे कलम 21 फार उपयोगी पडले. मोफत विधी साहाय्याचे कलम 39-अ, 1976 च्या दुरुस्तीने आलेले, फक्त नागरिकाबद्दल बोलते. कलम 21 मात्र कोणत्याही व्यक्तीला लागू आहे, आणि अरुणाचलातल्या चकमा निर्वासितांना हुसकावण्याच्या धमक्या आल्या तेव्हा 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच आधारावर राज्याला त्यांचे रक्षण करायला लावले. मोफत वकिलाबाबत सर्वांत कडक आदेश ज्या निकालात आहे तो तर 2012 चा, अजमल कसाबचा. अटकेतल्या माणसाला पहिल्यांदा हजर करताच मॅजिस्ट्रेटने त्याला वकिलाचा हक्क समजावून सांगायचा, न सांगितल्यास खातेनिहाय कारवाई. ज्याच्याबद्दल कोणालाही कणव नव्हती, त्याच्या खटल्यातला हा आदेश आज निरपराध निर्वासिताच्याही कामी येऊ शकतो.

शरणार्थींसाठी वेगळा कायदा हवा, हेही भगवतींनी मांडले. 1990 च्या दशकात त्यांच्या पुढाकाराने नमुना कायद्याचा मसुदा तयार झाला. तो संसदेत कधी मंजूर झाला नाही. म्हणून दिल्लीत संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाच्या साथीने ‘सोशिओ-लीगल इन्फर्मेशन सेंटर’सारख्या संस्थांना वकील पुरवावे लागले.

रिमांडच्या कोर्टात काय होते ते पाहिले की अडचण कळते. कलम लागते ते पारपत्र-व्हिसाशिवाय राहिल्याचे. आपण परदेशी नाही, हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर, आणि इथे तर तो परदेशी आहे हे तोच सांगतो. उच्चायुक्तालयाचे कार्ड खिशात असते, पण त्याला आपल्या कायद्यात स्थान नाही. लीगल एडच्या वकिलाला अशिलाची भाषा येत नाही, आणि म्यानमारमधल्या रोहिंग्या किंवा चिन समाजाच्या भाषेचा दुभाषा जिल्ह्याच्या गावी आणायचा कुठून? जामीन मिळालाच तर जामीनदार लागतो. त्याचे रेशनकार्ड, पगाराची पावती, सातबारा. ज्याचे इथे कोणी नाही त्याच्यासाठी सातबारा कोण काढून देणार? मंजूर झालेला जामीन मग कागदावरच राहतो. माझ्या मते वकील पुरवण्याइतकेच जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच हमीवर, सुटकेचा आग्रह धरणे महत्त्वाचे आहे, आणि तिथे आपली विधी सेवा प्राधिकरणे कमी पडतात.

1946 चा परदेशी नागरिकांविषयीचा कायदा जाऊन 1 सप्टेंबर 2025 पासून नवा आला. शरणार्थीची व्याख्या त्यातही नाही. सोबतच्या सवलतीच्या आदेशाने मात्र काहींना कागदपत्रांच्या गुन्ह्यांतून वगळले : 9 जानेवारी 2015 पर्यंत येऊन नोंदणी केलेले श्रीलंकेचे तमिळ, आणि 2024 संपेपर्यंत आलेले अफगाणिस्तान, बांगलादेश, पाकिस्तानातले अल्पसंख्याक. म्यानमारमधून आलेल्यांचा त्यात उल्लेख नाही. त्यांच्यासाठी अजून कलम 12 आणि कोठडीतला वकील एवढेच आहे.