कलेक्टर ऑफिस वेगळं आणि झेडपी वेगळी, असं का झालं?

गावात सातबारा काढायचा तर तलाठ्याकडे जायचं आणि घराचा आठचा उतारा हवा तर ग्रामसेवकाकडे. २०२४ मध्ये तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामसेवकाला ग्रामपंचायत अधिकारी असं नाव दिलं, पण लोक अजून जुनंच बोलतात. दोघंही सरकारीच, गावही तेच, मग दोन माणसं कशाला असं कुणालाही वाटेल. तर एकाची साखळी तहसीलदार, प्रांत, कलेक्टर अशी वर जाते आणि दुसऱ्याची पंचायत समितीचा बीडीओ (गटविकास अधिकारी) आणि मग झेडपीचा म्हणजे जिल्हा परिषदेचा सीईओ (मुख्य कार्यकारी अधिकारी).

महसुलाची साखळी जुनी आहे, इंग्रजांनी ती जरा घट्ट केली एवढंच. दुसरी मात्र पैशावरून सुरू झाली. १८६९ मध्ये मुंबई इलाख्यात लोकल फंडाचा कायदा आला, सारा भरायचा त्यावर रुपयामागे एक आणा जास्तीचा आणि त्यातून रस्ते, शाळा. म्हणजे सरकारला तिजोरीतून काही द्यायला नको. १८८२ मध्ये व्हाईसरॉय लॉर्ड रिपनने लोकांनी निवडलेली माणसं घ्या म्हणून ठराव केला, १८८४ ला जिल्हा आणि तालुका लोकल बोर्डं आली, पण सुरुवातीला अध्यक्षाच्या खुर्चीत कलेक्टरच. थोडक्यात, पैसा रयतेचा आणि सही साहेबाची.

स्वातंत्र्यानंतर १९५७ मध्ये बलवंतराय मेहता समितीने गाव, तालुका आणि जिल्हा अशी तीन पातळ्यांची रचना सुचवली, २ ऑक्टोबर १९५९ ला नागौरला नेहरूंनी तिचं उद्घाटन केलं वगैरे भाग शाळेत सगळ्यांनीच पाठ केलाय. खरी गंमत महाराष्ट्रात झाली. राज्य नुकतंच झालं होतं आणि तिन्ही भागांत तीन तऱ्हा, पश्चिम महाराष्ट्रात लोकल बोर्डं, नागपूरकडे जनपद सभा आणि मराठवाड्यात निजामाच्या राज्यातून आलेली तिसरीच पद्धत. हे सगळं एका साच्यात बसवायला १९६० मध्ये वसंतराव नाईकांची समिती नेमली, ते तेव्हा महसूलमंत्री होते, मुख्यमंत्री नंतर झाले. मेहता समितीचा भर तालुक्याच्या पातळीवर होता आणि जिल्हा परिषदेवर अध्यक्ष कलेक्टर. नाईक समितीने हे उलटं केलं, खरी ताकद जिल्ह्याला दिली, कलेक्टरला परिषदेबाहेर ठेवलं आणि आमदार-खासदारांनाही आत घेतलं नाही. महसूलमंत्र्याच्याच समितीने महसूल खात्याच्या माणसाला बाजूला बसवलं, हे मला अजूनही भारी वाटतं. १ मे १९६२ ला झेडप्या सुरू झाल्या आणि प्राथमिक शाळा, दवाखाने, गावचे रस्ते, शेतीच्या योजना असं बरंच काही त्यांच्याकडे आलं. पुढच्या कितीतरी आमदार-मंत्र्यांची सुरुवात तिथूनच झाली, राज्याचं राजकारण शिकायची ती शाळाच म्हणा ना.

पण दिलेलं हळूहळू परत घ्यायची सवय सरकारला असतेच. १९७४ पासून जिल्ह्याच्या नियोजनासाठी वेगळं मंडळ आलं, आता त्याची जिल्हा नियोजन समिती झालीय, अध्यक्ष पालकमंत्री आणि सदस्य सचिव कोण तर कलेक्टर! बाहेर ठेवलेला माणूस दुसऱ्या दाराने आत, तेही पैशाच्या वाटपाच्या टेबलावर. म्हणून तर कुठल्या जिल्ह्याचं पालकमंत्रीपद कुणाला यावर एवढी भांडणं होतात.

७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली, त्याने दर पाच वर्षांनी निवडणूक, राज्य निवडणूक आयोग आणि बायकांसाठी एक तृतीयांश जागा हे पक्कं झालं, २०११ मध्ये महाराष्ट्राने त्या वाढवून एकूण जागांच्या निम्म्या केल्या. सरपंच थेट जनतेतून की सदस्यांतून हा घोळ मात्र सरकार बदललं की बदलतो, २०१७ ला थेट केलं, २०२० ला रद्द, २०२२ ला परत थेट.

आणि पाच वर्षांचं म्हणाल तर मार्च २०२२ मध्ये बहुतेक झेडप्यांची मुदत संपली, ओबीसी आरक्षणाचं प्रकरण कोर्टात अडकलेलं, त्यामुळे निवडणुका झाल्या नाहीत आणि सीईओच प्रशासक झाले. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितलं, ती मुदतही पुढे ढकलावी लागली. म्हणजे तीन वर्षांहून जास्त काळ ठराव करणारा आणि त्याची अंमलबजावणी करणारा अधिकारी एकच होता.