दोन विल्यम स्प्रेग, दोघंही गव्हर्नर: काका कोणता, पुतण्या कोणता?

ऱ्होड आयलंड हे अमेरिकेतलं आकाराने सगळ्यात लहान राज्य. त्याच्या गव्हर्नरांच्या यादीत विल्यम स्प्रेग हे नाव दोनदा येतं, एकदा १८३८ साली आणि पुन्हा १८६० साली. दोघंही क्रॅन्स्टन गावचे, दोघंही कापडगिरण्यांचे मालक, आणि दोघंही पुढे वॉशिंग्टनच्या सिनेटमध्ये गेले. त्यामुळे एकाच्या नावावर दुसऱ्याचं कर्तृत्व किंवा दुसऱ्याची बदनामी सहज चिकटते. हे काका-पुतणे. कुठे कुठे नावापुढे तिसरा आणि चौथा असे आकडे असतात, पण बऱ्याच ठिकाणी नुसतं ‘गव्हर्नर स्प्रेग’ एवढंच लिहिलेलं सापडतं. क्रॅन्स्टनमधला त्यांचा वाडासुद्धा आज ‘गव्हर्नर स्प्रेग मॅन्शन’ म्हणूनच ओळखला जातो, आणि तो दोघांच्याही घराण्याचा!

घोळ इथेच संपत नाही. कंपनीचं नाव ‘ए. अँड डब्ल्यू. स्प्रेग’, म्हणजे अमासा आणि विल्यम. पुतण्याच्या आजोबांनी १८०८ च्या सुमारास पिठाच्या चक्कीच्या जागी सूतगिरणी काढली, पुढे कापडावर छपाई सुरू केली. १८३६ मध्ये ते वारल्यावर अमासा आणि विल्यम या दोन मुलांनी धंदा हाती घेतला. हा विल्यम म्हणजे आपला काका. अमासाच्या मुलांची नावं काय? पुन्हा अमासा आणि विल्यम! काका १८५६ मध्ये गेल्यावर कारभार पुढच्या पिढीकडे आला आणि कंपनीची पाटी बदलण्याची गरजच पडली नाही.

काका १७९९ चा. राज्याच्या विधानसभेचा सभापती, मग १८३५ ते १८३७ अमेरिकी काँग्रेसचा सदस्य, १८३८ मध्ये व्हिग या त्या काळच्या पक्षाचा गव्हर्नर आणि १८४२ पासून सिनेटर. कागदावर भरगच्च कारकीर्द दिसते. पण त्या काळी ऱ्होड आयलंडचा गव्हर्नर फक्त एका वर्षासाठी निवडला जाई आणि विधिमंडळाने केलेला कायदा रोखण्याचा अधिकार त्याला नव्हता. तो अधिकार आला थेट १९०९ मध्ये. एवढ्या दुबळ्या खुर्चीत बसणाऱ्या माणसाचा खरा दरारा कुठून येत होता, हे कळायला क्रॅन्स्टनमधल्या दारूच्या एका परवान्याकडे पाहावं लागतं.

निकोलस गॉर्डन नावाचा आयरिश माणूस गिरणीजवळ दुकान चालवायचा. गिरणीतले आयरिश कामगार त्याचं गिऱ्हाईक, आणि दुकानात दारूही मिळायची. कामगार पिऊन कामावर येतात, ही अमासा स्प्रेगची तक्रार. अमासा गावच्या कौन्सिलपुढे गेला, आणि गॉर्डनच्या परवान्याचं नूतनीकरण झालं नाही. गव्हर्नरला जे जमलं नसतं, ते गिरणीमालकाने गावात बसून करून दाखवलं. राज्याची सत्ता राजधानीपेक्षा गिरणीच्या आवारात जास्त होती, असं मला वाटतं ते अशाच गोष्टींमुळे.

१८४३ च्या ३१ डिसेंबरला अमासा आपल्या वाड्यातून शेताकडे चालत निघाला आणि वाटेत त्याला ठेचून मारण्यात आलं. खिशातले ६० डॉलर तसेच होते, म्हणजे चोरीसाठी खून झालेला नव्हता. संशय लगेच निकोलस गॉर्डन आणि त्याच्या भावांवर गेला. काका विल्यमने १७ जानेवारी १८४४ रोजी, म्हणजे तीन आठवड्यांच्या आत, सिनेटचा राजीनामा दिला आणि गिरणी सांभाळायला घरी परतला. गॉर्डन भावांपैकी विल्यम गॉर्डन सुटला, पण जॉन गॉर्डनला १४ फेब्रुवारी १८४५ रोजी फाशी झाली. पुरावा सगळा परिस्थितीजन्य आणि ज्युरीत एकही आयरिश कॅथलिक नाही. ही फाशी त्या समाजाच्या मनात इतकी सलत राहिली की १८५२ मध्ये राज्याने देहदंडच रद्द केला. जॉनला माफी मिळाली २०११ मध्ये, गव्हर्नर लिंकन चेफी यांच्या सहीने. हा अन्याय स्प्रेग घराण्याच्या वैभवाच्या गोष्टीत तळटीप म्हणून येतो, ते मला पटत नाही. त्या वैभवाची किंमत कोणी मोजली, ते इथेच दिसतं.

पुतण्या विल्यमचा जन्म १८३० चा. वडिलांचा खून झाला तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. काकाची राजकारणातली चढण पायरी-पायरीने झाली, पुतण्या मात्र विशीतच गव्हर्नर झाला. १८६० च्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाने सेथ पॅडलफर्ड हा गुलामगिरीचा कडवा विरोधक उभा केला होता. दक्षिणेचे मळेवाले नाराज झाले तर कापूस कुठून आणायचा, ही गिरणीवाल्यांची धास्ती. त्यामुळे नेमस्त रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट एकत्र आले आणि त्यांनी तरुण, गर्भश्रीमंत स्प्रेगला निवडून आणलं. यात पैसाही पाण्यासारखा खर्च झाला.

आणि वर्षभरातच अमेरिकेत उत्तर-दक्षिण यादवी युद्ध पेटलं, तेव्हा हाच गव्हर्नर उत्तरेच्या बाजूने ऱ्होड आयलंडचे सैनिक घेऊन वॉशिंग्टनच्या रक्षणाला धावला. जुलै १८६१ मध्ये बुल रनच्या लढाईत तो स्वतः रणांगणात होता, त्याच्या मांडीखालचा घोडा गोळी लागून पडला. काकाच्या वाट्याला असं काहीच आलं नाही. म्हणून ‘यादवी युद्धातला गव्हर्नर स्प्रेग’ असं वाचलंत, तर तो बिनचूक पुतण्याच.

त्याच युद्धाने दक्षिणेचा कापूस बंद झाला. लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानी कापसाकडे वळल्या, मुंबईत पैशाचा पूर आला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच तो ओसरून पेढ्याच्या पेढ्या बुडाल्या, हे आपल्याला ठाऊक आहे. समुद्रापलीकडे पुतण्या स्प्रेगवर आरोप झाला, की टेक्सासमधून शत्रूचा कापूस आणण्याच्या बेतात त्याचा हात होता आणि मोबदल्यात तिकडे शस्त्रं जाणार होती. तो आरोप त्याच्यावर सिद्ध झाला नाही, पण पाठही सोडली नाही.

१८६३ मध्ये तो सिनेटमध्ये गेला. तेव्हा सिनेटर राज्याचं विधिमंडळ निवडायचं, आणि तिथे स्प्रेग घराण्याचं वजन होतंच. त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला त्याने केट चेसशी लग्न केलं. ती लिंकनच्या अर्थमंत्र्यांची मुलगी, आणि लग्नाला खुद्द लिंकन हजर होते. पुढे हा संसार मोडला आणि १८८२ मध्ये घटस्फोट झाला. वर्तमानपत्रांनी त्याचं भरपूर चर्वितचर्वण केलं, म्हणून इथे त्यात शिरत नाही.

धंद्यात पुतण्याने पसारा फार वाढवला. छापील कापडाच्या गिरण्या होत्याच, शिवाय प्रॉव्हिडन्समध्ये घोड्यांच्या ट्राम, दूर मेन राज्यात धरण आणि गिरण्या, साउथ कॅरोलिनात पाणशक्तीसाठी कालवा, जागोजागी जमिनी. हे सगळं उभं होतं थोड्या मुदतीच्या हुंड्यांवर. १८७३ मध्ये बाजार कोसळला, हुंड्या बदलून मिळेनात, आणि ‘ए. अँड डब्ल्यू. स्प्रेग’ची मालमत्ता झेकरायाह चेफी या विश्वस्ताच्या ताब्यात गेली. हजारो कामगारांची रोजीरोटी टांगणीला लागली.

दोघांमधला सगळ्यात ठळक फरक मला इथे दिसतो. गिरणी संकटात आली तेव्हा काकाने सिनेट सोडली. पुतण्या मात्र गिरणी हातची गेल्यावरही सिनेटमध्ये राहिला आणि मुदत संपली तेव्हा, मार्च १८७५ मध्ये, बाहेर पडला. काकाला मी यासाठी थोर म्हणणार नाही. भावाच्या मारेकऱ्याला शिक्षा व्हावी, ही तळमळही त्याच्या परतण्यामागे होती, आणि त्या खटल्याचं काय झालं ते वर आलंच आहे. पण आपली ताकद गिरणीत आहे, सिनेटच्या बाकावर नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. पुतण्याचा समज उलटा होता. गिरण्या गेल्यावर १८८३ मध्ये तो पुन्हा गव्हर्नरपदासाठी उभा राहिला आणि हरला. पाठीशी कारखाना नसलेला स्प्रेग मतदारांना नको होता.

नॅरागॅन्सेटचा त्याचा कॅनॉनचेट हा प्रचंड महाल १९०९ मध्ये जळाला, आणि १९१५ मध्ये पॅरिसमध्ये तो वारला. तेव्हा जुन्या कागदात व्हिग पक्ष, १८३८ किंवा १८४४ चा राजीनामा दिसला तर काका समजा. बुल रन, केट चेस, दिवाळं किंवा पॅरिस दिसलं तर पुतण्या. आणि खून झालेला स्प्रेग यांपैकी कोणीच नव्हे. तो अमासा, एकाचा भाऊ आणि दुसऱ्याचा बाप.